चाळीस ग्रॅम राख

वितळवायचं नाही, फक्त ढवळायचं.
पहिल्या दिवशी सरांनी एवढंच सांगितलं
आणि ते मीटिंगला निघून गेले.

फिरती पिन अॅल्युमिनियमच्या पट्टीत उतरते,
धातू घासून घासून मऊ पडतो,
तिंबलेल्या कणकेसारखा बाजूला सरकतो
आणि आधी कोरलेल्या चरातली राख
आत ओढली जाते.
निदान जायला हवी.

राख कोराडीची, माझ्या गावची.
स्टोअरच्या रजिस्टरात नोंद:
फ्लाय अॅश, चाळीस ग्रॅम, विनामूल्य.
सही घेताना उरकुडेकाका म्हणाले,
"आमच्या घरी राखेनं भांडे घासत, पोरी.
तू काहून धातूत कालवून रायली?"

पहिले अकरा नमुने गेले.
कुठे आतून बोगदा, कुठे पिनच मोडलेली,
आणि जिथेतिथे गुठळ्या.
फोनवर आईला म्हटलं, गुठळ्याच होतात गं.
तिला वाटलं मी हॉस्टेलवर पिठलं करते.
"अगोदर सैल भिजव. मंग एका हातानं सोड,
दुसऱ्यानं हलव, अन् हात थांबवू नको."
मी वहीत लिहिलं:
राख आधी इथेनॉलमध्ये कालवणे,
फेऱ्या आठशेवरून बाराशे.
आभाराच्या पानावर हे कसं मांडायचं
अजून ठरत नाही.

मे महिना. पारा सेहेचाळीस.
कूलरला वाळ्याचा वास, वाऱ्याचा पत्ता नाही.
एसी फक्त सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत,
तोही यंत्रासाठी.
तिथं आम्ही सगळे काहीतरी विसरून येतो
आणि ते आणायला परत जातो.

दोनशेवीसचा कागद, मग चारशे, आठशे, दोन हजार,
दर वेळी नमुना काटकोनात फिरवायचा,
शेवटी मखमलीवर हिऱ्याची पेस्ट.
"एवढं तं नवरदेवालेही हळदीत कोणी घासत नाही,"
काका चहा गाळता गाळता.

बारावा नमुना ताणायला लावला.
सुपारी फुटावी तसा आवाज.
पडद्यावरचा आकडा
साध्या, बिनराखेच्या धातूपेक्षाही नऊनं कमी.
काकांनी पेला माझ्याकडे सरकवला,
साखर न विचारता जास्त घातलेली.

मग तुटलेलं तोंड पाहायला घेतलं.
खळगेच खळगे, पोळ्यासारखे,
आणि एका खळग्यात राखेचा गोळा,
अर्धा फुटलेला, आत पोकळ.
पोकळीत आणखी बारके गोळे,
पालीच्या अंड्यांसारखे, एकाला एक चिकटून.
पुस्तकात हे वाचलं होतं.
फोटोखाली मोजपट्टी टाकताना
शाळेतली पांढरी कॉलर आठवली,
दुपारपर्यंत करडी होणारी,
आणि रोज झटकून टाकलेलं ते सगळं
इतकं गोल होतं तर.

"नावीन्य काय?" समितीत बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं.
मी आलेख दाखवला. त्यांनी घड्याळ पाहिलं.
सर म्हणाले, काम चालू आहे.

शनिवारी घरी गेले. बाराव्याचा अर्धा तुकडा पर्समध्ये.
आई गच्चीवर कुरडया घालत होती,
दोरीवरचं जुनं पातळ काढून
वरून पांघरत होती, राख बसू नये म्हणून.
तुकडा तिनं तळहातावर घेतला.
"याच्यात आपली राख हाय?"
हो.
"मंग आता कमी पडन का?"

तीन वर्षांत मी वापरलेली सगळी राख
आपल्या चहापत्तीच्या डब्यात मावेल, आई.
हे मनात म्हटलं.
तोंडानं म्हटलं, बघू.

तिनं तो तुकडा पातळाच्या कोपऱ्यावर ठेवला.
हलका निघाला, हलका व्हावा म्हणूनच तर केलेला.
कोपरा फडफडतच राहिला.
मग तिनं कठड्याजवळची वीट उचलून ठेवली,
करडी, गुळगुळीत,
तीही राखेचीच,
आणि तुकडा मला परत दिला.
"सांभाळून ठेव. कॉलेजचा हाय."